भोंगा वाजायच्या आत

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, तेवीस वर्षं नळांच्या कारखान्यात माळी होते. पाण्याचे नळ, पितळेचे, वरून चकचकीत मुलामा दिलेले. आमच्या वस्तीत पाणी एक दिवसाआड यायचं, पण नळ पाहाल तर मोठ्या हॉटेलात नसतील असे, कारण डाग पडलेला माल कामगारांना घरी न्यायला मिळायचा. माझे बाबाही त्याच कारखान्यात, मुलाम्याच्या खात्यात होते. पितळेचा नळ तांबूस रसायनाच्या टाकीत बुडवायचा, वीज सोडायची, वर काढला की त्यात तोंड दिसायचं. त्या खात्यातल्या माणसांची बोटं कायम पिवळी असायची. आम्हा पोरांना वाटायचं, बाबालोकांची बोटं अशीच असतात.

सातशे माणसांत माळी एकटाच, त्यामुळे आतोबांचा रुबाब वेगळा. फाटकातून आत शिरलं की थेट मुलामा खात्याच्या भिंतीपर्यंत त्यांची बाग. गुलाब, कर्दळ, मेंदीचं कुंपण, मधोमध हिरवळ. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी बाग दाखवायचा आणि मग कारखाना. बाहेरचं कोणी म्हणालं की इथे घाण पाणी सोडतात, तर आमच्याच वस्तीतले लोक भांडायला उठायचे आणि त्यात बाबा सगळ्यांत पुढे. "विष असतं तर आमच्या दाजींचे गुलाब असे फुलले असते का?" असं ते छाती काढून विचारायचे. त्यावर समोरचा गप्प बसायचा.

आतोबा म्हणजे अंगानं काडीपैलवान, नाकावर जाड चष्मा आणि खिशात कायम सुतळीचं गुंडाळं. त्यांना वाळलेलं पान सहन होत नाही. लग्नात गेले तरी फुलदाणीतलं कोमेजलेलं फूल हळूच उपटून खिशात घालतील. शेजाऱ्यांच्या कुंड्यांतली पिवळी पानं न विचारता खुडतील. कामावर ते पहाटे पाचलाच जायचे, बाकीचे कामगार सातच्या भोंग्याला. आत्या हे सगळ्यांना कौतुकानं सांगायची. "भोंगा वाजायच्या आत यांची अर्धी बाग झालेली असते," म्हणायची. मलाही त्यांचं फार कौतुक होतं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं तर ते कुठून आलं हे कळेल.

कारखाना बंद पडला, यंत्रं विकली गेली, छपरं उतरवली गेली. जमीन मात्र चौदा वर्षं तारेच्या कुंपणाआड तशीच पडून होती. पाऊस झाला की मागच्या बाजूला पिवळी डबकी साचायची आणि आम्ही पोरांना तिकडे फिरकू द्यायचो नाही. पुढची बाग मात्र रानटी वाढूनही हिरवीच राहिली. मग नगरपालिकेनं ठरवलं की इथे लोकांसाठी मोकळी जागा करायची आणि ती कशी असावी हे लोकांनीच सांगायचं. त्यासाठी एक बाई आल्या. वस्तीनं पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव नकाशेबाई ठेवलं, कारण त्या कुठेही बसल्या की आधी कागद पसरायच्या.

त्यांची कामाची पद्धत मला पहिल्यांदा पोरखेळ वाटली. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी कारखान्याचा खोलीएवढा नकाशा जमिनीवर अंथरला. मी शिवणकाम करते, म्हणून बटणं माझ्याकडून नेली, पांढरी शंभर आणि काळी शंभर. जिथे काही सांडलं, पुरलं, वाहून गेलं असं आठवतं तिथे काळं बटण ठेवायचं, जिथे बरं वाटायचं तिथे पांढरं. म्हातारे कामगार चपला काढून नकाशावर रांगायला लागले. एकानं कँटीनच्या जागी पांढरं ठेवलं, दुसऱ्यानं लगेच त्यावर काळं ठेवलं आणि तिथला चहा आठवून दोघं भांडले. बाबांनी मुलामा खात्यावर सात काळी बटणं मांडली, टाकी आठवून आठवून. बागेवर तर पांढऱ्या बटणांचा ढीग झाला.

आतोबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात एक काळं बटण मी पाहिलं होतं. शेवटपर्यंत त्यांनी ते कुठे ठेवलं नाही. मी बटणं मोजून दिली होती आणि मोजूनच परत घेतली, तेव्हा एक काळं कमी भरलं. "आतोबा, म्हातारपणी हात मारायला लागलात का?" असं मी चिडवलं. ते हसले, पण बटण काही परत केलं नाही.

पुढच्या महिन्यात मातीची तपासणी झाली. वीतभर खोलीची माती सगळीकडून घेतली. खोल भोकं मात्र फक्त बारा पाडायची होती, कारण यंत्र तेवढेच दिवस मिळालं होतं. बारावं भोक बागेत पाडायचं होतं. आम्ही वीसपंचवीस जण बघायला गेलो होतो. नकाशेबाईंनी बागेतली मूठभर माती उचलली, बोटांनी कुस्करली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "बघा, काळीभोर आणि भुसभुशीत. एवढ्या खराब जागेत एका माणसानं हातांनी काय केलंय ते बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं डोळ्याला पदर लावला. बाबांनी आतोबांच्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की त्यांचा चष्मा घसरला.

मग बाईंनी सहज विचारलं, "काका, ही माती पहिल्यापासूनचीच ना? की कधी बाहेरून आणून टाकलीत?"

"नाही हो, मूळचीच आहे," आतोबा म्हणाले. "खत तेवढं घातलंय."

वीतभर खोलीचा अहवालही स्वच्छच आला होता. मूळची माती वर चांगली, म्हणजे खालीही चांगलीच, असं धरून बाईंनी यंत्र मागच्या बाजूला, पिंपं ठेवायच्या आवारात नेलं. बारावं भोक तिकडे पडलं. मी तिथेच उभी होते, टाळ्या वाजवणाऱ्यांत.

आराखडा ठरला. मागच्या पिवळ्या डबक्यांच्या जागी वाळा, लव्हाळे आणि सूर्यफुलं लावायची. ती झाडं जमिनीतलं वाईट मुळांनी ओढून घेतात, मग ती कापून वेगळी नष्ट करायची, पुन्हा लावायची, असं वर्षानुवर्षं. मधल्या काँक्रीटवर मुलांना खेळायला जागा. आणि पुढच्या चांगल्या मातीत, म्हणजे आतोबांच्या बागेत, प्रत्येक घराला भाजीचा एक वाफा आणि कडेनं जुन्या कामगारांच्या नावानं एकेक फळझाड. झाडावर त्या माणसाचा कारखान्यातला पत्र्याचा बिल्ला बांधायचा. बाबांचा नंबर तीनशे अठरा. झाडांच्या कामाचे मुख्य म्हणून आतोबांचं नाव मीच सुचवलं, आणि ते नको नको म्हणाले तर मीच त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

खड्डे मात्र त्यांनी कोणाला खणू दिले नाहीत. बहात्तर वर्षांचा माणूस, चाळीस खड्डे, प्रत्येक दोन हात खोल. वेल्डर काका कुदळ घेऊन आले तर त्यांच्यावर खेकसले, "तुला खड्डा खणता येतो का? तू लोखंड जोड." रोज पहाटे जायचे, आणि आम्ही पोचेपर्यंत दोन खड्डे खणून तळाला नवी माती घालून तयार. लोक म्हणायचे, याला म्हणतात जीव ओतणं. लागवडीच्या दिवशी आम्ही नुसती रोपं ठेवून वर माती लोटली.

बाबांना या झाडानं वेड लावलं. रोज सकाळी काठी टेकत जायचे, बाकावर बसायचे, पानं मोजून यायचे. बाबांना कसलाच वास येत नाही. त्यांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलंय. मुलामा खात्यातल्या बऱ्याच जणांना पडलंय, टाकीवरच्या वाफेमुळे. खात्यात म्हणे त्याची थट्टा चालायची, एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढून दाखवायचे. कारखाना सुटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं की वास गेला तेव्हाच हा माणूस टाकीपासून लांब झाला असता, तर इतकं झालं नसतं. तर असे आमचे बाबा एके दिवशी घरी आले ते फुशारक्या मारतच. "काल नऊ पानं होती, आज तेरा. नवाची तेरा, एका रात्रीत! दाजींचा हातच तसा."

मी पोराबाळांची आई आहे आणि मापं घेऊन पोट भरते. रोप एका रात्रीत चार पानांनी वाढत नाही हे मला कळतं. मला वाटलं, मेव्हण्याला खूश करायला म्हाताऱ्यानं काहीतरी चलाखी केली असणार. पकडू या, म्हणून मी दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच तिथे गेले, हसायच्या तयारीनं.

आतोबा बाबांच्या रांगेतच शेवटच्या झाडापाशी गुडघ्यावर बसले होते. शेजारी गोणपाटावर एक रोप पडलेलं, पानांच्या कडा करपून गुंडाळलेल्या, मुळांची टोकं काळी. नवं टवटवीत रोप खड्ड्यात होतं आणि ते जुन्याचा बिल्ला सोडून नव्याला बांधत होते, सुतळीनं. मला पाहून त्यांनी मेलेलं रोप कोटाखाली घातलं. बहात्तर वर्षांचा माणूस, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा.

"किती बदललीत?" मी विचारलं.

"नऊ," ते म्हणाले.

"का मरतायत?"

ते उठले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या एका मोकळ्या खड्ड्यावरची फळी सरकवली. वर दीड हात काळीभोर माती. त्याखाली रेघ ओढल्यासारखी ती थांबत होती आणि खाली हिरवट पिवळा चिखल होता. तळाला पाणी झिरपलेलं, पिवळंधमक. बाबांच्या बोटांचा रंग मी लगेच ओळखला.

मग ते बोलले. आयुष्यात एवढं ते कधी बोलले नव्हते. नोकरीला लागले त्याच वर्षी मेंदीचं अख्खं कुंपण पंधरा दिवसांत वाळलं. त्यांनी खणून पाहिलं, तर मुलामा खात्याचं सांडपाण्याचं गटार बागेखालून जात होतं आणि ते फुटलेलं होतं. ते साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, गटार काढायचं तर खातं महिनाभर बंद ठेवावं लागेल, ते होणार नाही. माती हवी तेवढी मागव. मेलेलं झाड कोणाला दिसता कामा नये. सकाळचा भोंगा वाजायच्या आत सगळं हिरवं पाहिजे.

"मग मी तेच केलं," आतोबा म्हणाले. "पाच ते सात. मेलेलं काढायचं, माती टाकायची, नवं लावायचं. मागच्या शेडमध्ये रोपं तयार ठेवायचो. तेवीस वर्षं. कामगार आले की फुलं बघायचे आणि आत जायचे."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा?"

"सगळे टाळ्या वाजवत होते पोरी. तुझी आत्या रडत होती. तोंडातून निघून गेलं. मूळचीच आहे म्हणालो. नंतर रोज ठरवतो, आज सांगू. आणि रोज पहाटे रोप बदलतो." त्यांनी खिशात हात घातला आणि माझं काळं बटण माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझं."

मला त्यांचा राग आला, फार आला. पण ते तिथेच थांबले नाहीत.

"अजून एक आहे. तुझा बाप एकदा गुलाब हुंगून म्हणाला, 'दाजी, हल्ली तुमच्या गुलाबांना वास का नाही?' त्याला खात्यात लागून सहा वर्षं झाली होती तेव्हा. मी म्हणालो, जातच तशी आहे. दिसायला मोठा, वास नाही."

"आणि वास होता?"

"दरवळायचा," ते म्हणाले. "त्याला खरं सांगितलं असतं तर तो डॉक्टरकडे गेला असता. डॉक्टरनं विचारलं असतं, काय काम करतोस. बोभाटा झाला असता. मला नोकरीची भीती वाटली. आणि खरं सांगू, तेव्हा वाटलं, वासच गेलाय, एवढ्यानं काय होतंय."

डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनाही माहीत होतं. आमच्याच घरात, आमच्याच समोर डॉक्टरांची चिठ्ठी वाचली गेली होती, तेव्हा ते शेजारी बसून बाबांना औषधाच्या वेळा समजावून सांगत होते.

आता तुम्हाला वाटेल, मी तडक नकाशेबाईंकडे गेले. नाही गेले. आत्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. बाबांचं आलं. चाळीस घरांनी ज्याला डोक्यावर घेतलंय तो आपल्या घरातला माणूस, आणि त्याचं नाव सुचवणारी मी. "तुम्हीच सांगा," एवढंच मी आतोबांना म्हणाले. "भाजी खुडायच्या आत सांगा." आणि मूग गिळून बसले. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. त्यातल्या एका दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून रोपवाटिकेत नेलं आणि तीन रोपं मांडीवर धरून आणली. त्यांनी न सांगता मी नेलं, हेही लिहायला हवं. बाबांच्या झाडाची पानं पुन्हा करपायला लागली होती आणि मला त्यांचा हिरमोड बघवणार नव्हता. एखाद्याची तेवीस वर्षं अशी कशी निघून जातात ते मला त्या स्कूटरवर कळलं.

वाफ्यांतली पालेभाजी वर आली. वरवर पाहिलं तर झकास होती, मुळं अजून वरच्या मातीतच होती. पण पाऊस सुरू झाला होता, आणि खालचं पाणी चढतंय हे आतोबांना आणि मला माहीत होतं. येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून पहिली भाजी खुडायची असं ठरलं होतं. मोठी पातेली शाळेतून मागवली होती.

गुरुवारी संध्याकाळी बाबा माझ्या मुलीला घेऊन बागेत आले. ती सहा वर्षांची. आतोबा पाणी घालत होते, मी वाफ्याच्या कडेला बसले होते. बाबांनी पालकाचं एक कोवळं पान खुडलं, धोतराला पुसलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. "खा. आजोबांच्या कारखान्यातलं आहे. तुझ्या दाजीआजोबांनी या मातीचं सोनं केलंय."

तिनं पान हातात घेतलं, तोच मी झेप घेऊन तिच्या हातावर फटका मारला. पान खाली पडलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "अगं, काय झालं काय तुला? न धुता दिलं म्हणून एवढं?"  मी आतोबांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली नळी बाजूला पडली होती आणि पाणी त्यांच्याच पायावर वाहत होतं. ते पडलेल्या पानाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लोक बागेत आले, तेव्हा आतोबा तिथे होते, पण त्यांनी काहीही बदललेलं नव्हतं. गेल्या तीन दिवसांत मेलेली सहा झाडं बिल्ल्यांसकट तशीच उभी होती, करपलेली. आधी बदलून काढलेली चौदा मेलेली रोपं त्यांनी घरून आणून ज्याच्या त्याच्या झाडापाशी आडवी ठेवली होती. म्हणजे तीही त्यांनी फेकली नव्हती, घराच्या मागे जपून ठेवली होती. आणि वाफ्यांच्या मधोमध त्यांनी नवा खड्डा खणला होता, कमरेएवढा, आणि काढलेली माती दोन ढिगांत लावली होती, काळी इकडे, पिवळी तिकडे. स्वतः खड्ड्यात उभे होते. पाय घोट्यापर्यंत पिवळ्या पाण्यात.

"ही माती मूळची नाही," ते म्हणाले. "मी आणून टाकलीय. मूळची ही आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, गटार, साहेब, पाच ते सात. भाषण बिषण नाही, कामाचा हिशोब द्यावा तसं. वेल्डर काकांनी त्यांना शिवी दिली. कोणीतरी म्हणालं, आधी त्यांना बाहेर काढा, पाय भाजतील. आतोबा हलले नाहीत. मुलामा खात्यातल्या फोरमनची बायको पुढे आली. तिचा नवरा कारखाना सुटल्यावर दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. "तो नको म्हणत होता हो," ती म्हणाली. "खात्यात आता जीव घुसमटतो म्हणत होता. मीच म्हणायचे, बाग बघ कशी फुललीय, तुला उगाच वाटतं. मीच ढकलून पाठवायचे." मग ती खाली बसली आणि आत्या तिच्याजवळ जायला निघाली, तर तिनं हातानंच थांबवलं.

मी म्हणाले की मलाही अकरा दिवसांपासून माहीत होतं. कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही, त्यांचा राग आधीच वाटून संपला होता. पण बाबांनी ऐकलं. त्यांनी तीनशे अठरा नंबरच्या करपलेल्या रोपाकडे पाहिलं, शेजारी आडव्या ठेवलेल्या दोन रोपांकडे पाहिलं, आणि काठी टेकत एकटेच घरी निघून गेले. नऊची तेरा पानं कशी झाली ते त्यांना कळलं असणार.

नकाशेबाई दुपारी आल्या. त्या खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या. त्यांनी आतोबांना दोष दिला नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. "मी विचारलं आणि उत्तर ऐकून यंत्र हलवलं," त्या म्हणाल्या. "विचारून नाही, खणून बघायचं असतं. चूक माझी पण आहे." रविवारची पातेली शाळेत परत गेली. भाजी सगळी उपटून गोण्यांत भरली.

आराखडा बदलला. भाजीचे वाफे आता काँक्रीटच्या बाजूला, लाकडाच्या उंच पेट्यांमध्ये आहेत, खाली जाड प्लास्टिक, माती तपासून आणलेली. फुटलेलं गटार शोधून काढलं. आतोबांच्या बागेत वाळा आणि सूर्यफुलं लावली आहेत. तिथलं काही खायचं नाही आणि घरी न्यायचं नाही. बागेच्या फाटकावर एक पाटी आहे. ती आतोबांनीच मागितली आणि मीच रंगवली: "इथलं मेलेलं झाड नोंद झाल्याशिवाय काढू नये." कुठलं झाड कुठे आणि किती दिवसांत मेलं, हे वहीत लिहायचं, मगच उपटायचं. त्यावरून बाईंना कळतं, खाली अजून कुठे किती वाईट आहे. वही आतोबा लिहितात. ते आता सगळ्यांच्या वेळेला येतात, सातनंतर. बरेच लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. फोरमनची बायको तर त्यांना पाहून रस्ता बदलते. ते वाळलेल्या सूर्यफुलापाशी वही घेऊन बसतात आणि त्यांचा हात सारखा त्या पानांकडे जातो, मग ते तो मागे घेतात.

बाबा दोन महिने त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचे ते जेवणापुरतं. गुलाबाचं त्यांना अजून माहीत नव्हतं. खड्ड्यात उभे असताना आतोबांनी ते सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते. अकरा दिवसही मी असंच समजावलं होतं.

एका सकाळी आतोबा आमच्या दारात आले. हातात काही नाही. आत आले नाहीत, चपलाही काढल्या नाहीत. बाबा खुर्चीत पाठमोरे बसले होते.

"एक सांगायचं राहिलंय," आतोबा म्हणाले. "तू विचारलं होतंस, गुलाबांना वास का नाही. मी जात तशी आहे म्हणालो होतो. ते खोटं होतं. वास होता."

बाबा वळले नाहीत. स्वयंपाकघरातला नळ, त्यांच्याच हातचा, थेंब थेंब गळत होता, तो मी घट्ट बंद केला. 

"तेव्हा तुला कळलं असतं, तर..." आतोबा पुढे बोलायला लागले आणि थांबले. "तेव्हा मी सांगितलं असतं, तर तुझं नाक वाचलं असतं. मला ते माहीत आहे."

 मला वाटलं, बाबा आता उठून दार लावतील. लावलं असतं तर मी अडवलं नसतं. पण त्यांनी खुर्ची फिरवली. दाराच्या दिशेनं तोंड केलं आणि बोट नाकाला लावलं, सवयीनं लावतात तसं.

"सगळ्यांना होता?"

"सगळ्यांना. लालला जास्त. पिवळ्याला थोडा कमी."

"कसा होता?"

आतोबांना कळलं नाही. "म्हणजे?"

"मी त्या बागेतून सतरा वर्षं गेलो दाजी. रोज दोनदा. पहिल्या पाच-सहा वर्षांचं काही आठवत नाही, तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. माझं काय काय हुकलं ते तरी सांगा. एकेकाचं सांगा. लालपासून."

आतोबांचे ओठ हलले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दाराच्या चौकटीला हात टेकून ते सांगायला लागले. लाल गुलाब, पहाटेचा, दव असताना. ऊन चढल्यावरचा. पावसात भिजलेला. त्यांना शब्द सापडत नव्हते, वासाला शब्द नसतातच फारसे, सारखे अडखळत होते. बाबांनी त्यांना आत बोलावलं नाही. जा असंही म्हणाले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते, आणि आतोबा थांबले की तेवढंच म्हणायचे, "पुढे?"